पक्षांचा जमाखर्च आणि स्त्रियांचे वेतन

लोकशाही देशांतील आर्थिक वादविवादाला एक ठराविक घाट प्राप्त झालेला आहे. सत्तारूढ पक्ष आपल्या कारकीर्दीतील वाढीचे आकडे पुढे करतो. विरोधी पक्ष त्याच कारकीर्दीतील तुटीचे आकडे पुढे करतो. आणि श्रोता आपल्या पूर्वग्रहाला मानवेल तो आकडा उचलून घरी जातो. अर्थशास्त्राला या व्यवहारात साक्षीदार म्हणून बोलावले जाते खरे, पण त्याची उलटतपासणी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्त्री-पुरुषांच्या वेतनांतील तफावतीचा आकडा गेली साठ वर्षे असाच साक्षीला उभा केला जात आहे. डेमोक्रॅटिक पक्ष तो अन्यायाचा पुरावा म्हणून मांडतो. रिपब्लिकन पक्षातील बहुतेक वक्ते तो भ्रामक ठरवून निकालात काढतात. आणि जिच्या पगाराविषयी ही चर्चा चालते त्या स्त्रीच्या पदरात यातून काय पडते, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापिका क्लॉडिया गोल्डिन यांचा ‘करिअर अँड फॅमिली’ हा ग्रंथ २०२१ साली प्रसिद्ध झाला. पुढे दोन वर्षांनी, २०२३ साली, त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोणाही सहविजेत्याविना हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. या ग्रंथाचा परिचय करून देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. वर सांगितलेल्या पक्षीय वादाशेजारी हा ग्रंथ ठेवून पाहिला असता दोन प्रश्न उभे राहतात आणि त्यांचा विचार येथे करावयाचा आहे. वेतनाच्या तफावतीचा आकडा हा पक्षांच्या आर्थिक कामगिरीचा मापदंड होऊ शकतो काय? आणि तो होऊ शकत नसेल, तर या प्रश्नापुरता पक्षांचा हिशेब घ्यावा कशाने?

१

प्रथम पक्षांच्या एकंदर आर्थिक कामगिरीची गोष्ट घेऊ. प्रिन्स्टन विद्यापीठातील ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. १९४९ ते २०१२, म्हणजे ट्रुमन निवडून आले तेथपासून ओबामांची पहिली कारकीर्द संपेपर्यंत, चौसष्ट वर्षांचा हिशेब त्यांनी मांडला. डेमोक्रॅटिक अध्यक्षांच्या काळात राष्ट्रीय उत्पादन दरसाल सरासरी ४.३३ टक्क्यांनी वाढले, रिपब्लिकन अध्यक्षांच्या काळात २.५४ टक्क्यांनी. हा फरक लहान नाही. एखादा प्रचारक येथेच थांबला असता; त्याला याहून अधिक काही नको असते.

परंतु हे दोघे पंडित येथे थांबले नाहीत, आणि त्यांच्या निबंधाचे खरे मोल याच न थांबण्यात आहे. हा फरक कशामुळे पडला याचा शोध घेताना सरकारी खर्चाचे किंवा चलनाचे धोरण हे त्याचे कारण म्हणून त्यांना सापडले नाही. तेलाच्या किमतींचे धक्के कोणाच्या वाट्याला आले, उत्पादकतेचा वेग कोणाच्या काळात वाढला, परदेशांतील परिस्थिती कोणाला अनुकूल लाभली, अशा गोष्टींनी त्या फरकाचा मोठा भाग उलगडला. यांतील बहुतेक गोष्टी अध्यक्षांच्या टेबलावरील फायलींत ठरत नाहीत. ब्लाइंडर हे स्वतः क्लिंटन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे सदस्य होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या निष्कर्षाचे वजन वाढते. हाती आलेला अनुकूल निकाल त्यांनी आपल्या पक्षाच्या खात्यावर जमा केला नाही. पाऊस चांगला झाला म्हणून कोणी कलेक्टरसाहेबांना बढती देत नाही; देशाच्या कारभाऱ्यांना मात्र आपण पावसाचे श्रेयही देतो आणि अवर्षणाचा दोषही लावतो.

२

आता वेतनाच्या तफावतीकडे वळू. वृत्तपत्रांत जो आकडा येतो तो कसा काढतात हे आधी सांगणे अवश्य आहे. वर्षभर पूर्ण वेळ काम करणाऱ्या सर्व पुरुषांना वेतनाच्या क्रमाने रांगेत उभे केले, तर मधोमध जो येईल त्याचे वार्षिक वेतन घ्यावयाचे; तशीच स्त्रियांची रांग करून तिच्यातील मधल्या स्त्रीचे वेतन घ्यावयाचे; आणि पुरुषाच्या एका डॉलरला स्त्रीचे किती सेंट पडतात ते पाहावयाचे. एकाच कचेरीत एकाच हुद्द्यावर शेजारी शेजारी बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या पगारांची ही तुलना नव्हे. त्या आकड्यात शिक्षिका आणि सर्जन, परिचारिका आणि वैमानिक, सर्व एकत्र आलेले असतात.

या आकड्याचा इतिहास पक्षनिष्ठ माणसाला मोठा अडचणीचा आहे. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी समान वेतनाच्या कायद्यावर सही केली तेव्हा तो सुमारे ५९ सेंट होता. कायद्यानंतर दहा वर्षांनी, १९७३ साली, तो ५७ सेंटांच्याही किंचित खाली गेलेला दिसतो. म्हणजे कायद्याने स्त्रियांचे नुकसान केले काय? तसे नाही. त्या काळात फार मोठ्या संख्येने स्त्रिया नव्याने नोकरीत येत होत्या. त्यांच्यापाशी अनुभव थोडा होता, आणि त्यामुळे मधल्या स्त्रीचे वेतन वर सरकत नव्हते. ज्या घटनेला प्रगती म्हणावयाचे तीच घटना आकड्यात अधोगती होऊन उतरली.

पुढे याहून चमत्कारिक गोष्ट घडली. १९८१ साली रेगन सत्तेवर आले तेव्हा हा आकडा ५९ सेंटांच्या आसपासच होता. त्यांची कारकीर्द १९८९ च्या जानेवारीत संपली आणि त्या सालचा आकडा ६९ सेंटांच्या जवळ पोहोचलेला होता. या प्रश्नावर सरकारने हस्तक्षेप करू नये, बाजाराने ठरवलेल्या वेतनात हात घालू नये, असे मानणाऱ्या राजवटीत तफावत सर्वांत वेगाने आटली. उलट क्लिंटन यांच्या आठ वर्षांत देशाची भरभराट असूनही हा आकडा ७१.५ वरून ७३.७ पर्यंतच सरकला. आणि अगदी अलीकडे, बायडन यांच्या कारकीर्दीत, २०२२ साली ८४ सेंटांवर गेलेला आकडा २०२३ साली ८२.७ वर आणि २०२४ साली ८०.९ वर उतरला. बायडन यांचे सरकार स्त्रियांच्या प्रश्नाविषयी उदासीन होते असे त्यांचा कट्टर विरोधकही म्हणणार नाही.

यावरून रेगन हे स्त्रियांचे कैवारी आणि बायडन वैरी, असा निष्कर्ष काढावयाचा काय? पक्षांच्या वादाची जी रीत आहे तिच्याप्रमाणे तो काढावा लागेल, आणि तो हास्यास्पद आहे. १९८० नंतरच्या दशकात तफावत घटली त्याची कारणे निराळी होती. आधीच्या दशकात नोकरीत शिरलेल्या स्त्रिया आता अनुभवी झाल्या होत्या. महाविद्यालयांत त्यांनी पुरुषांची बरोबरी केली होती. आणि याच सुमारास कारखान्यांतील संघटित कामगारांच्या, म्हणजे मुख्यतः पुरुषांच्या, वेतनाला घसरण लागली होती. १९७३ नंतर मधल्या पुरुषाच्या पगाराची क्रयशक्ती कित्येक दशके जवळजवळ जागच्या जागी राहिली. तेव्हा तफावत घटण्यात स्त्रीचे वर चढणे होते तसे पुरुषाचे खिळून राहणेही होते. उलटपक्षी २०२३ साली स्त्रियांचे वेतन दीड टक्क्याने वाढलेच होते. पुरुषांचे तीन टक्क्यांनी वाढले, म्हणून तफावत रुंदावली. गुणोत्तराला आनंद वा दुःख नसते. ते कमी झाले म्हणून एखादे घर सुखी झालेच असे नाही, आणि वाढले म्हणून एखादीच्या हाती पूर्वीपेक्षा कमी पैसा आला असेही नाही.

३

या आकड्याचा प्रचारात वापर करणाऱ्यावर तो कसा उलटतो याचे एक उदाहरण २०१४ साली घडले. त्या वर्षीच्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी काँग्रेससमोरील वार्षिक भाषणात स्त्रीला पुरुषाच्या डॉलरमागे ७७ सेंट मिळतात, याचा उल्लेख करून ही स्थिती लाजिरवाणी असल्याचे सांगितले. एप्रिलमध्ये, समान वेतनाविषयीच्या काही आज्ञापत्रांवर ते सह्या करणार त्याच सुमारास, ‘अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट’ या उजव्या विचाराच्या संस्थेतील अभ्यासकांनी व्हाइट हाउसच्या नोकरवर्गाला हेच माप लावले. तेथे स्त्रीला ८८ सेंट पडत असल्याचे निघाले. त्यावर व्हाइट हाउसकडून खुलासा आला की, एकाच हुद्द्यावरील स्त्री-पुरुषांना तेथे सारखाच पगार मिळतो; खालच्या हुद्द्यांवर स्त्रिया अधिक आहेत म्हणून हा फरक दिसतो.

हा खुलासा खरा होता. पण ७७ सेंटांच्या आकड्यावर टीकाकार जो आक्षेप घेत आले होते, त्याहून तो तसूभरही निराळा नव्हता. देशाच्या बाबतीत जे उत्तर अपुरे म्हणून झिडकारावयाचे, तेच स्वतःच्या कचेरीच्या बाबतीत पुरेसे म्हणून द्यावयाचे, ही विसंगती लपण्यासारखी नाही. मात्र टीकाकारांनीही यात विजय मानण्याचे कारण नव्हते. खालच्या हुद्द्यांवर स्त्रियाच अधिक का, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही; आणि खरी मेख तर तेथेच आहे.

फ्रॅन्सीन ब्लाउ आणि लॉरेन्स कान यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका विस्तृत आढाव्यात या दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल असे गणित आहे. २०१० च्या सुमाराचे तासाचे वेतन घेतले तर स्त्रीचे वेतन पुरुषाच्या सुमारे ७९ टक्के पडते. शिक्षण, अनुभव, धंदा, उद्योग वगैरे गोष्टींचा फरक वजा केला की ते सुमारे ९२ टक्के होते. एक पक्ष म्हणतो, तफावत एकवीस टक्के. दुसरा म्हणतो, ती आठच टक्के. दोघांचेही गणित बरोबर आहे आणि दोघेही अर्धेच बोलतात. धंद्याचा फरक वजा करणे म्हणजे स्त्री त्या धंद्यात राजीखुशीने गेली असे गृहीत धरणे होय. आणि तो मुळीच वजा न करणे म्हणजे ती सर्वस्वी ढकलली गेली असे गृहीत धरणे होय. ही दोन्ही गृहीते आकड्यांच्या आत दडलेली असतात. व्यासपीठावरून ती कोणी बोलून दाखवीत नाही.

४

गोल्डिनबाईंच्या ग्रंथाची थोरवी ही की, या दोन गृहीतांच्या मधल्या रानात त्या शिरतात. गेल्या सव्वाशे वर्षांतील अमेरिकन पदवीधर स्त्रियांचे त्यांनी पाच पिढ्यांत वर्गीकरण केले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पदवी घेणाऱ्या स्त्रीला संसार किंवा व्यवसाय यांपैकी एकाचीच निवड करावी लागे. नंतरच्या पिढीने काही काळ नोकरी करून संसार थाटला. महायुद्धानंतरच्या पिढीने आधी संसार केला, मुले मोठी झाल्यावर नोकरी पाहिली. १९६६ नंतर पदवी घेतलेल्यांनी आधी व्यवसायात पाय रोवून संसार पुढे ढकलला. आणि १९८० नंतरच्या पिढीने दोन्ही एकाच वेळी हवे, असा आग्रह धरला. इतिहासाची ही मांडणी अत्यंत सुबोध आहे. तिच्यातून एक गोष्ट मनावर ठसते: एका पिढीचे वेतन तिच्या आधीच्या पिढीच्या अपेक्षांनी ठरत असते. चार वर्षांच्या कारकीर्दीच्या मापाने हा बदल मोजणे म्हणजे वडाच्या झाडाची उंची रोज संध्याकाळी पट्टीने मोजण्यासारखे आहे.

ग्रंथाचा गाभा मात्र वर्तमानाविषयी आहे. लेखिकेच्या मते आजच्या तफावतीचा मोठा भाग निरनिराळ्या धंद्यांमधला नसून एकाच धंद्याच्या पोटातला आहे, आणि तो अपत्यजन्मानंतर रुंदावतो. वकिली, हिशेबतपासणी, सावकारी पेढ्या यांसारख्या व्यवसायांत जो माणूस रात्री-अपरात्री, सुटीच्या दिवशी, बोलावले की हजर होतो, त्याला दुप्पट तासांबद्दल दुपटीहून अधिक मोबदला मिळतो. या कामाला त्यांनी जे विशेषण दिले आहे त्याला मराठीत ‘हावरे काम’ म्हणता येईल. घरात मूल आले की दोघांपैकी एकाला घराच्या हाकेला उपलब्ध राहावे लागते. दोघांनीही थोडी थोडी माघार घेतली तर कुटुंबाचे उत्पन्न फार घटते. म्हणून एकजण हावरे काम पत्करतो आणि दुसरी सवडीचे. शिकागो विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्यांविषयी मेरियान बर्ट्रांड व लॉरेन्स कॅट्झ यांच्यासह गोल्डिनबाईंनी २०१० साली जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात हे चित्र लख्ख दिसते. पदवी मिळते त्या वेळी स्त्रियांचे सरासरी वार्षिक वेतन १ लाख १५ हजार डॉलर, पुरुषांचे १ लाख ३० हजार. नऊ वर्षांनी स्त्रियांचे अडीच लाख, पुरुषांचे चार लाख.

याच्या उलट उदाहरण म्हणून त्या औषधविक्रेत्यांच्या धंद्याकडे बोट दाखवतात. पूर्वी मालकीची छोटी दुकाने होती. पुढे मोठ्या साखळी दुकानांचा व रुग्णालयांचा जमाना आला, गिऱ्हाइकाच्या औषधांची नोंद यंत्रावर राहू लागली, आणि एका औषधविक्रेत्याच्या जागी दुसरा उभा राहिला तरी गिऱ्हाइकाचे अडेनासे झाले. परिणामी जास्त तासांना प्रमाणाबाहेर मोबदला उरला नाही आणि या धंद्यातील तफावत पुष्कळच आटली. हे घडवण्यासाठी कोणी मोर्चा काढला नव्हता, की कोणत्या पक्षाने जाहीरनाम्यात त्याचे वचन दिले नव्हते.

५

येथपर्यंत वाचल्यावर वाचकाला वाटेल की, मग राजकीय पक्षांना या प्रश्नात काही कामच नाही. गोल्डिनबाईंच्या विवेचनाचा कल काहीसा त्या दिशेचा आहे, आणि माझा मतभेद आहे तो येथे. त्यांची नायिका पदवीधर आहे. तिचा नवराही बहुधा पदवीधर आहे. आणि दोघे मिळून ‘ठरवतात’. या ठरवण्यात कोणाचा शब्द शेवटचा असतो, कोणाच्या आईवडिलांना काय वाटते, माघार घेणारी ती दरवेळी तीच का असते, याची चिकित्सा या ग्रंथात पुरेशी उतरलेली नाही. शिवाय जिला कसलीच निवड नसते, अशा स्त्रीचा प्रश्न या चौकटीत मावत नाही. त्यासाठी एक दुसरी हकीकत पाहिली पाहिजे.

लिली लेडबेटर या बाई अलाबामा राज्यातील गॅड्सडेन येथे गुडइयर कंपनीच्या टायरच्या कारखान्यात १९७९ पासून १९९८ पर्यंत कामाला होत्या. एका विभागाची देखरेख त्यांच्याकडे होती. नोकरीच्या अखेरीस कोणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली, तिच्यावरून त्यांना आपल्या बरोबरीच्या पुरुषांचे पगार प्रथम कळले. १९९७ च्या अखेरीस त्यांना महिना ३,७२७ डॉलर मिळत होते. त्याच हुद्द्यावरील सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६ आणि सर्वांत जास्त पगाराच्या पुरुषाला ५,२३६. येथे धंदा तोच, हुद्दा तोच, कारखाना तोच. हावऱ्या कामाची मीमांसा येथे लागू पडत नाही. हा साधा, जुन्या पद्धतीचा अन्याय होता आणि तो गुप्ततेच्या आधाराने जगत होता.

ज्यूरीने बाईंच्या बाजूने निकाल दिला. परंतु वरच्या न्यायालयात तो फिरला, आणि २००७ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, पगार ठरवण्याच्या मूळ निर्णयापासून १८० दिवसांच्या आत तक्रार करावयास हवी होती. ज्या गोष्टीचा पत्ताच नाही तिच्याविषयी १८० दिवसांत तक्रार कशी करावी, याचे उत्तर बहुमताच्या निकालपत्रात नाही. न्यायमूर्ती रूथ गिन्झबर्ग यांनी आपले विरोधी मत न्यायासनावरून वाचून दाखवले व हा दोष काँग्रेसने दुरुस्त करावा असे सुचवले. २००८ साली सिनेटमधील रिपब्लिकन सदस्यांनी दुरुस्तीचे विधेयक अडवले. २००९ च्या जानेवारीत ते ६१ विरुद्ध ३६ मतांनी संमत झाले आणि २९ जानेवारीस ओबामांनी त्यावर सही केली. राष्ट्राध्यक्ष म्हणून सही केलेला तो त्यांचा पहिला कायदा. त्या मतदानात सिनेटमधील चारही रिपब्लिकन स्त्री-सदस्यांनी आपल्या पक्षाची रांग सोडून विधेयकाला मत दिले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. लेडबेटरबाईंना स्वतःला या कायद्याने एक सेंटही मिळाला नाही. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

या कायद्याने गुणोत्तराचा आकडा किती हलला असे विचाराल, तर तो हलल्याचे दाखवता येणार नाही. तरीसुद्धा तो कायदा करणे योग्य होते. माझ्या म्हणण्याचा सारा रोख येथे आहे. पक्षांचा हिशेब घ्यावयाचा तो गुणोत्तरावरून नव्हे, तर अन्याय झालेल्या स्त्रीला आपल्यावर अन्याय झाला हे कळण्याची आणि कळल्यावर दाद मागण्याची सोय कोणी केली व कोणी मोडली, यावरून घ्यावा. पिढ्यांच्या आकांक्षा, तेलाचे भाव, कारखान्यांची पडझड यांवर पक्षांचे नियंत्रण थोडे. परंतु न्यायाचे दार उघडे ठेवावे की लावून घ्यावे, हे मात्र मतदानाने ठरते आणि त्या मतदानाची नोंद राहते.

या कसोटीने पाहिले म्हणजे दोन्ही पक्षांचा इतिहास घोषणांत दिसतो त्याहून गुंतागुंतीचा निघतो. समान वेतनाचा कायदा केनेडी यांचा खरा. पण त्याच्या आधी सात वर्षे, १९५६ साली, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काँग्रेससमोरील संदेशात अशा कायद्याची मागणी केली होती. केनेडींच्या कायद्यातून व्यवस्थापक व व्यावसायिक वर्गातील स्त्रिया वगळलेल्या राहिल्या होत्या. त्यांना तो लागू करणारी दुरुस्ती १९७२ साली रिपब्लिकन निक्सन यांच्या सहीने झाली. तथापि अलीकडच्या तीस वर्षांचा हिशेब एवढा समतोल नाही. सहकाऱ्याशी पगाराविषयी बोलल्याबद्दल नोकराला शिक्षा करता येऊ नये, अशी तरतूद असणारे विधेयक १९९७ सालापासून पुन्हा पुन्हा मांडले गेले. प्रतिनिधिगृहात ते एकाहून अधिक वेळा संमतही झाले. सिनेटमध्ये मात्र रिपब्लिकन विरोधामुळे ते अडून राहिले. मोठ्या मालकांनी स्त्री-पुरुषांच्या वेतनाचे तक्ते सरकारला सादर करावेत, असा नियम ओबामांच्या काळात २०१६ साली झाला. ट्रम्प सरकारने २०१७ साली तो स्थगित केला. आणि २०१९ साली न्यायालयाने ती स्थगिती उठवली. रिपब्लिकन पक्षाचा आक्षेप असा की, अशा कायद्यांनी खटले वाढतील, वकिलांची चंगळ होईल आणि मालक स्त्रियांना नोकरीत घेण्यास कचरतील. आक्षेप विचार करण्यासारखा आहे. परंतु तफावत खोटी आहे असे ज्याचे म्हणणे आहे, त्याने तक्ते उघड करण्याला सर्वांच्या आधी संमती द्यावयास हवी. हिशेब चोख असल्याची ग्वाही द्यावयाची आणि वही मात्र दाखवावयाची नाही, हा व्यवहार कोणत्याही ऑडिटरला पटणार नाही.

६

या मासिकाचे बहुसंख्य वाचक सरकारी सेवेतील आहेत, आणि त्यांना वाटेल की हा सारा वाद परक्या देशाचा. आपल्याकडे राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान कामाबद्दल समान वेतनाचे तत्त्व आहे. १९७६ साली समान मोबदल्याचा कायदा झाला. आणि सरकारी सेवेत तर वेतनश्रेणी छापील असते, ती पाहून कोणालाही कोणाचा पगार कळतो. निनावी चिठ्ठीची गरज येथे पडत नाही. हे सर्व खरे आहे, आणि आपल्या सेवांचे ते मोठे भूषण आहे. लेडबेटरबाईंची व्यथा आपल्या कचेऱ्यांत सहसा उद्भवत नाही.

पण गोल्डिनबाईंची व्यथा उद्भवते, आणि तिचे आपल्याकडील नाव ‘बदली’ असे आहे. अखिल भारतीय सेवेतील अधिकाऱ्याचे काम हे हावऱ्या कामाचा उत्तम नमुना होय: हुकूम येईल तेथे जावयाचे, बोलावणे येईल तेव्हा हजर व्हावयाचे. पुण्यात वा नागपुरात शाळेत, बँकेत किंवा महाविद्यालयात चांगली स्थिरावलेली पत्नी भोपाळला, कलकत्त्याला, दिल्लीला नवऱ्यामागून जाते, तेव्हा तिची नोकरी, तिची ज्येष्ठता, तिची बढती मागे राहते. पुढच्या गावी तिला मिळते ती बदली शिक्षिकेची तात्पुरती जागा, तीही भाषा जमली तर. पतिपत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, अशा सरकारच्या सूचना आहेत; पण त्या मुख्यतः दोघेही सरकारी सेवेत असतील त्यांच्यापुरत्या. या स्त्रीचे नुकसान कोणत्याही वेतनश्रेणीत दिसत नाही, कोणत्याही खटल्यात उभे राहत नाही, आणि कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात येत नाही.

आणि अधिकारी स्त्री असेल, तर? १९६१ च्या परराष्ट्र सेवेच्या नियमांप्रमाणे स्त्री-अधिकाऱ्याला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागत असे, आणि संसारामुळे कामात बाधा येते असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यावयास सांगता येत असे. त्या सेवेत प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री सी. बी. मुथम्मा यांनी बढती नाकारली गेल्यावर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कठोर ताशेरे ओढले. वेतनश्रेणी त्या वेळीही सारखीच होती. समान श्रेणी छापून ठेवावयाची आणि त्या श्रेणीत वर चढण्याच्या जिन्याला कुलूप लावावयाचे, ही युक्ती केवळ गॅड्सडेनच्या कारखान्याला सुचलेली नव्हती.

म्हणून या वादात गोल्डिनबाई आणि लेडबेटरबाई या दोघींची साक्ष एकत्र ऐकली पाहिजे. पहिली सांगते की, कायदा चोख असतानाही घराच्या व कामाच्या रचनेतून तफावत उत्पन्न होते. दुसरी सांगते की, रचनेचे निमित्त सांगून उघड अन्यायही खपवला जातो. पहिल्या साक्षीवरून मालकांनी, खात्यांनी आणि नवऱ्यांनी विचार करावयाचा आहे, दुसरीवरून कायदेमंडळांनी. प्रत्येक पक्ष यांतील सोयीची तेवढी साक्ष काढतो आणि दुसरीला न्यायालयाच्या दाराबाहेर बसवतो, हे या वादाच्या वांझपणाचे मुख्य कारण आहे.

‘करिअर अँड फॅमिली’ हा ग्रंथ त्याच्या उणिवा जमेस धरूनही आपल्या काळातील एक महत्त्वाचा ग्रंथ आहे. त्याने कोणत्याही पक्षाच्या हाती आयती तलवार दिलेली नाही, आणि म्हणून तो प्रचारसभांतून फारसा ऐकू येणार नाही. पण ज्यांना आकड्यांवर सह्या कराव्या लागतात, टिपणे लिहावी लागतात आणि बदल्यांचे हुकूम काढावे लागतात, अशा वाचकांनी तो अवश्य वाचावा. गुणोत्तर पुढच्या वर्षी एक-दोन सेंटांनी वर जाईल किंवा खाली येईल, आणि त्यावरून पुन्हा भाषणे होतील. आपण मात्र इतकेच विचारावे: जिला कमी मिळाले तिला ते कळले काय, कळल्यावर तिचे ऐकून घेणारे कोणी होते काय, आणि जिने माघार घेतली तिला तशी वेळ आली नसती अशी कामाची व्यवस्था करणे खरोखरच अशक्य होते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे जो पक्ष कागदपत्रांसह देईल, त्याची कामगिरी चांगली समजावी.